मोत्याचे कूळ आणि मूळ

खानदेशाच्या दक्षिण सीमेवर, चाळीसगावपासून सुमारे अठरा किलोमीटरवर, सातमाळा डोंगराच्या पायथ्याशी पाटण नावाचे जे स्थळ आहे, ते आज बहुतेकांस पाटणादेवीच्या दर्शनामुळे ठाऊक असले, तरी विद्वज्जनांत त्याची ख्याती एका शिलालेखामुळे आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणलेल्या शके ११२८ च्या या लेखात असा मजकूर आहे, की यादव नृपती सिंघण याचा ज्योतिषी चांगदेव याने आपले पितामह भास्कराचार्य यांच्या ग्रंथांचे अध्यापन व्हावे म्हणून येथे मठ स्थापिला आणि निकुंभवंशीय सोइदेवाने त्यास दान दिले. शेवटच्या ओळींत तर मठाच्या खर्चासाठी कोणत्या जिनसांवर काय घ्यावे, याची तजवीज तत्कालीन मराठीत नोंदविली आहे.

या भास्कराचार्यांच्या नावाशी एका मोत्याची कथा निगडित असून ती ऐकली नाही असा मराठी विद्यार्थी विरळा. कन्या लीलावती हिच्या विवाहाचा मुहूर्त साधण्यासाठी आचार्यांनी घटिकापात्र पाण्यावर सोडले. कुतूहलाने वाकून पाहणाऱ्या मुलीच्या अलंकारातील मोती निसटून पात्रात पडला, तळाचे छिद्र बुजले, पात्र बुडेना, आणि सारे जण घटका भरण्याची वाट पाहत असता मुहूर्त केव्हाच टळून गेला. तेव्हा त्या दुर्दैवी कन्येच्या सांत्वनार्थ पित्याने तिच्याच नावाचा गणितग्रंथ रचिला, अशी ही हकीकत. आचार्यांनी सिद्धान्तशिरोमणी पूर्ण केला तो ११५० साली. आणि ही हकीकत आपल्यापर्यंत आली ती अकबराच्या आज्ञेवरून फैजीने १५८७ साली केलेल्या लीलावतीच्या फारसी भाषांतराद्वारे, म्हणजे चार शतकांहून अधिक काळाने. पाटणच्या लेखात आचार्य, त्यांचा पुत्र लक्ष्मीधर आणि नातू चांगदेव अशी वंशावळ आहे. कन्येचा निर्देश नाही. ज्या धुळ्यात इतिहासाचार्य राजवाडे यांनी १९२६ च्या अखेरच्या दिवशी देह ठेवला आणि पुढल्याच वर्षी त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ उभे राहिले, त्या धुळ्याच्या माणसाने तरी समकालीन कागदाच्या पुराव्याखेरीज अशी कथा दप्तरी दाखल करून घेऊ नये. मात्र कथा रचणाऱ्याची नजर तीक्ष्ण होती, हे मान्य केले पाहिजे. पैलू पाडल्यावाचून वाटोळेच जन्माला येणारे रत्न नवरत्नांत मोत्याखेरीज दुसरे नाही, आणि वाटोळे छिद्र बुजवावयास वाटोळीच वस्तू हवी.

कथेतला मोती संशयित असला तरी ग्रंथातले मोती अस्सल आहेत. लीलावतीत एक उदाहरण असे आहे, की चार रत्नपारख्यांपैकी एकाजवळ आठ माणके, दुसऱ्याजवळ दहा इंद्रनील, तिसऱ्याजवळ शंभर मोती आणि चौथ्याजवळ पाच हिरे होते. वाटेत भेट झाली असता स्नेहापोटी प्रत्येकाने इतरांस आपल्याजवळचे एकेक रत्न दिले आणि चौघांचे धन समसमान झाले, तर रत्नांचे परस्पर मोल काय? प्रत्येकाच्या मूळ संख्येतून चार वजा करावे. चार माणके, सहा इंद्रनील, शहाण्णव मोती आणि एक हिरा यांचे मोल तेवढेच ठरते. म्हणजे मोत्याचा भाव एक धरला तर इंद्रनील सोळाचा, माणिक चोविसाचे आणि हिरा शहाण्णवाचा. भाव उदाहरणापुरते कल्पिलेले आहेत हे खरे. तरीही समुद्रापासून इतक्या दूरच्या या मुलखात विद्यार्थ्याला मोती हे मोजण्याचे परिमाण म्हणून परिचित असावे, ही गोष्ट व्यापाराच्या इतिहासात नोंदण्याजोगी आहे.

हा परिचय त्याहून कितीतरी जुना. कौटिल्याने अर्थशास्त्रात ताम्रपर्णी, पाण्ड्यकवाट इत्यादी मोत्यांची उत्पत्तिस्थाने सांगितली, शंख, शुक्ती आणि इतर अशा त्यांच्या योनी सांगितल्या, आणि सरांची नावेही बांधून दिली: एक हजार आठ पदरांचा तो इंद्रच्छंद, सत्तावीस मोत्यांची ती नक्षत्रमाला. वराहमिहिराने बृहत्संहितेत या यादीचा विस्तार केला आणि शिंपला व शंख यांच्या जोडीला हत्ती, सर्प, मेघ, वेळू, तिमी आणि वराह यांच्यापासूनही मोती निपजतात असे लिहिले. आधुनिक वाचक येथे हसतो. परंतु थोडे थांबून पाहावे. शंखात मोती खरोखर निपजतो. वेळूच्या पेरात पांढरे कठीण खडे साचतात, ते वैद्यांचे वंशलोचन. ती वालुकाजातीय वस्तू असल्याने तिला मोती म्हणता येत नाही, पण कोणीतरी कांडे फोडून ती पाहिली होती हे निश्चित. हस्तिदंताच्या मुळाशीही क्वचित गोल ग्रंथी आढळतात. सर्प, मेघ आणि वराह यांच्याविषयी मात्र बोलावयास नको; आणि आजही जो कोणी नागमणी किंवा गजमुक्ता विकावयास येतो, त्याची जागा पोलीस चौकीत आहे.

मोती कसा होतो, या प्रश्नाचे लोकमान्य उत्तर स्वाती नक्षत्राचे. त्या नक्षत्रावर पडणारा पर्जन्यबिंदू उघड्या शिंपल्यात उतरला की त्याचा मोती होतो, हे कवींनी इतक्या वेळा सांगितले की त्याचे खंडन करणे असभ्यपणाचे वाटावे. पाश्चात्यांनी या पर्जन्यबिंदूच्या जागी वाळूचा कण बसविला, आणि तोच समज आपल्या शालेय पुस्तकांतून व सराफांच्या जाहिरातींतून आजवर नांदत आला. पहिले उत्तर काव्य म्हणून चालून जाते. दुसरे शास्त्राचा वेष घेऊन येते म्हणून त्याची झडती घेणे आवश्यक. ज्या प्राण्याचा जन्म, संसार आणि मृत्यू वाळूत आणि चिखलात होतो, जो दिवसभर पाणी आत ओढून गाळतो आणि नको तो गाळ बाहेर टाकतो, त्याला एका कणाचे शल्य ते काय वाटणार? तसे असते तर नदीतला प्रत्येक शिंपला मोत्यांनी भरून गेला असता.

खरा प्रकार असा आहे. शिंपल्याच्या दोन कवचांच्या आत त्याच्या मांसल देहाला वेढून त्वचेची एक पातळ घडी असते. प्राणिशास्त्रज्ञ तिला प्रावार म्हणतात. घर बांधण्याचे काम या प्रावाराच्या बाह्य पेशींचे. त्या प्रथम बाहेरचा शृंगमय पापुद्रा घालतात, त्याच्या आत स्तंभाकार स्फटिकांचा थर रचतात आणि सर्वांत आत, देहाला लागून, तो चकचकीत मुक्तास्तर चढवितात, जो नदीकाठी सापडलेल्या कोणत्याही शिंपल्याच्या पोटात आपल्याला दिसतो. मुक्तास्तर म्हणजे चुनखडीचेच द्रव्य, कॅल्शियम कार्बोनेट. मात्र अ‍ॅरॅगोनाइट या स्फटिकरूपात, सुमारे अर्धा मायक्रॉन जाडीच्या चकत्या एकावर एक रचलेल्या आणि काँकिओलिन नावाच्या प्रथिनाने सांधलेल्या. ही जाडी दृश्य प्रकाशाच्या तरंगलांबीच्या जवळपासची असल्यामुळे निरनिराळ्या थरांवरून परतणारे किरण एकमेकांत मिसळून काही रंग उजळतात, काही मावळतात. ज्याला आपले जवाहिरे मोत्याचे पाणी किंवा आब म्हणतात, ती या रचनेची करणी. चुन्याच्या भट्टीत जाणारा शिंपला आणि पेशव्यांच्या जामदारखान्यातला मोती यांत द्रव्यभेद नाही. भेद आहे तो बांधणीचा.

आता एखादा परोपजीवी कृमी कवच पोखरून आत शिरला, किंवा माशाने प्रावाराचा लचका तोडला, तर कधी कधी त्या बाह्य पेशींपैकी काही आपली जागा सोडून देहाच्या मांसात खोल ढकलल्या जातात. बहुधा त्या मरतात. ज्या जगतात, त्या वाढून एक बंदिस्त पिशवी करतात आणि तिच्या पोकळीत आपले वंशपरंपरागत काम चालू ठेवतात. त्यांना दुसरे काम येतच नाही. सपाट भिंतीवर जे थर चढावयाचे ते आता चहूकडून एका बिंदूभोवती, कांद्याच्या पापुद्र्यांप्रमाणे, चढू लागतात आणि मोती सिद्ध होतो. म्हणजे बाहेरून काय आले हा प्रश्नच गौण. कृमी आला आणि पेशी सरकल्या नाहीत तर मोती नाही. पेशी सरकल्या आणि आत कणमात्र नसला तरी मोती आहे. आकाशातला थेंब, वाळूचा कण, लीलावतीचे प्राक्तन, सर्वत्र आपण कारण बाहेर शोधीत गेलो. ते त्या मुक्या प्राण्याच्या स्वतःच्या कातड्यात होते.

ऋषीचे कूळ आणि नदीचे मूळ शोधू नये म्हणतात. मोत्याच्या बाबतीत मात्र दोन्ही शोधल्याशिवाय त्याची जात कळत नाही. प्राणी कोणता, पाणी कोणते आणि त्यात माणसाचा हात किती, एवढ्या तीन चौकशांत मोत्यांचे सर्व प्रकार बसतात. इराणच्या आखातातील पिंक्टाडा रेडिएटा या लहान कालवाचा मोती तो आपल्या घराण्यांतून जपलेला बसरा. बसऱ्याला मोत्यांचे खडक नव्हते, होती ती पेठ, आणि पेठेचे नाव मालाला चिकटले. मन्नारच्या आखातातील पिंक्टाडा फुकाटा याचा मोती पाण्ड्य राजांच्या काळापासून प्रसिद्ध. त्याच जातीचे जपानी कालव म्हणजे अकोया. ऑस्ट्रेलिया, इंडोनेशिया आणि ब्रह्मदेशाच्या समुद्रातील पिंक्टाडा मॅक्सिमा हे भाकरीएवढे थोर कालव पांढरे आणि सोनेरी टपोरे मोती देते, तर ताहितीच्या परिसरातील काळ्या ओठाचे पिंक्टाडा मार्गारिटिफेरा करडे, हिरवट, मोरपंखी. शंखात होणाऱ्या गुलाबी मोत्याला मुक्तास्तर नसतोच. त्याची झाक चिनी मातीच्या भांड्यासारखी. आणि ओबडधोबड आकाराच्या मोत्याला बाजारात बारोक म्हणतात, ज्याच्या वाट्याला पूर्वी औषधी खल आणि मुक्तापिष्टी येई, आता दागिन्यांच्या फॅशनचे कौतुक येते.

किमतीचा हिशोब पूर्वापार विलक्षण आहे. वराहमिहिराने चार माष वजनाच्या उत्तम मोत्याला ५३०० कार्षापण मोल सांगितले, दोन माषांच्या मोत्याला ८०० आणि एका माषाच्या मोत्याला अवघे १३५. वजन निम्मे झाले की मोल सहावा-सातवा हिस्सा उरते, कारण थोर मोती घडावयास प्राण्याला दीर्घायुष्य आणि निर्विघ्न पाणी दोन्ही लाभावे लागते. मुंबईच्या मोतीबाजारात ‘चव’ नावाचे जे माप चाले, तेही याच न्यायाने वजनाच्या वर्गावर बसविलेले होते: दोन रतींचा मोती एका रतीच्या चौपट. तराजूत जो हिशोब सरळ, तो मोत्याच्या बाबतीत वर्गात करावा लागे, आणि म्हणून त्या पेढ्यांवरील मुनीम अंकगणितात कसलेले असत.

एकोणिसाव्या शतकात आणि विसाव्याच्या आरंभी आखाताचा माल मुंबईस येऊन येथे चाळण्यांतून गाळला, वेधला, ओवला जाई आणि येथून पॅरिस-लंडनकडे रवाना होई. या भरभराटीचे सर्वांत थोर मराठी स्मारक बडोद्याचे: खंडेराव गायकवाडांनी १८६५ च्या सुमारास बारीक बसरा मोत्यांनी भरलेला गालिचा तयार करविला, तो मदिनेस अर्पण करण्याच्या हेतूने, असे सांगतात. खंडेराव १८७० साली निवर्तले, गालिचा बडोद्यासच राहिला, आणि त्यांच्या राणी जमनाबाईंनी १८७५ साली दत्तक घेतलेला मुलगा मालेगाव तालुक्यातील कवळाणे गावचा, म्हणजे आमच्या खानदेशाच्या वेशीवरचा. तेच पुढे सयाजीराव महाराज. २००९ साली दोह्याच्या लिलावात तो गालिचा सुमारे ५५ लक्ष डॉलरांस गेला. आखाताचे मोती आखातात परतले.

त्याआधीच मोत्याच्या दुनियेत मन्वंतर झाले होते. जपानात कोकिची मिकिमोतो याने १८९३ साली कवचाला चिकटलेले अर्धगोल मोती पिकविले. पूर्ण गोल मोत्याची युक्ती निशिकावा आणि मिसे यांनी १९०७ च्या आसपास साधली. युक्ती अशी, की अमेरिकेच्या मिसिसिपी खोऱ्यातील जाड शिंपल्याचा गोल मणी घडवायचा, दुसऱ्या कालवाच्या प्रावाराचा चिमुकला तुकडा त्याला लावायचा आणि दोन्ही जिवंत कालवाच्या देहात बसवायचे. कृमीने शतसहस्रांत एकदा केलेले काम चाकूने रोज होऊ लागले. न्यू यॉर्कच्या फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूवरील एक हवेली कार्तिये या जवाहिऱ्याने १९१७ साली दोन सरांचा नैसर्गिक मोत्यांचा हार आणि शंभर डॉलर देऊन घेतली होती. हाराची किंमत तेव्हा दहा लक्ष डॉलर धरली गेली. तोच हार १९५७ साली विकला गेला तेव्हा १,५१,००० डॉलर आले. हवेलीची आजची किंमत सांगावयास नको. १९२९ ची मंदी आणि जपानी मोती यांनी आखाताचे पाणबुडे बेकार केले. १९३२ साली बहारीनला तेल लागले नसते तर त्या किनाऱ्यांचे काय झाले असते कोण जाणे. भारतात संवर्धित मोती प्रथम निघाला तो तुतिकोरीनला, १९७३ साली, डॉ. के. अलगरस्वामी यांच्या प्रयोगांतून.

या सर्व घडामोडींत खानदेश कोठे? प्रामाणिक उत्तर असे, की फारसा कोठेच नाही. जळगावची कीर्ती सोन्याची. धुळ्याच्या सराफ्यात एका जुन्या पेढीवर बसलो असता शेठ म्हणाले, “भाऊ, आपल्याकडे गिऱ्हाईक तोळा मागतं. मोती मागतं ते नथीपुरतं.” त्याच वेळी दुरुस्तीस आलेली एक नथ त्यांच्यापुढे होती. त्यांनी एक मोती सोडवून समोरच्या दातांच्या कडेवर हलकेच घासला. किंचित खरखरला, म्हणजे काचेचा नव्हे. मग भिंग डोळ्याला लावून वेधाच्या तोंडाशी पाहिले आणि भिंग माझ्याकडे दिले. वेधाच्या काठाला एक पातळ पांढुरकी कड, तिच्या आत बारीक काळसर रेषा, आणि रेषेच्या पलीकडे सरळ पट्ट्यांचा निराळाच पांढरा दगडी भाग. ती कड म्हणजे जनावराची मेहनत, आतला भाग म्हणजे घातलेला मणी. शेठजींनी निकाल दिला: कल्चर, आणि थर बेताचा. नथ पणजीची म्हणून आणली होती. नथ बहुधा पणजीचीच, मोती मागाहून कोणीतरी बदललेला. ज्या मोत्यात ही रेषा दिसत नाही, तेथे मात्र भिंगाचे अधिकार संपतात आणि प्रयोगशाळेतील क्ष-किरणांचे सुरू होतात, कारण चिनी गोड्या पाण्याच्या मोत्यात बहुधा मणी घालीतच नाहीत. प्रावाराचे नुसते तुकडे, एकाच शिंपल्यात तीस-चाळीस, पेरतात, आणि मोती अंतर्बाह्य मुक्तास्तराचा निघतो. जगात आज निघणाऱ्या मोत्यांपैकी संख्येने बहुसंख्य हेच आहेत, आणि त्यांना ‘नकली’ म्हणणे अज्ञान आहे.

घरच्या मोत्यांविषयी शेठजींची एक तक्रार रास्त होती: लोक मोती सोन्यासारखे वागवितात. पानिपतावरून नानासाहेबांस गेलेल्या सांकेतिक पत्रात विश्वासराव आणि भाऊसाहेब यांच्या मृत्यूची वार्ता दोन मोती गळाल्याच्या भाषेत होती, असे सांगतात. लिहिणाऱ्याला द्रव्यगुण ठाऊक असो वा नसो, मोती आम्लात खरोखरच विरतो. घाम, अत्तर, लिंबू, चिंच, सोने उजळण्याची द्रावणे, यांपैकी प्रत्येक त्याचा आब खाते. मऊ ओल्या फडक्याने पुसावे, सुती पिशवीत ठेवावे, दोरा वेळेवर बदलावा. यापलीकडे उपचार नाही.

परंतु गेल्या काही वर्षांत मोती खानदेशात निराळ्या वाटेने शिरू पाहत आहे: शेततळ्याच्या. आपल्या नद्या-तळ्यांतील लॅमेलिडेन्स जातीचा काळपट-तपकिरी शिंपला मोती करू शकतो, हे भुवनेश्वरच्या केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यसंवर्धन संस्थेने १९८७ पासूनच्या संशोधनाने दाखवून दिले. पांझरेच्या खोऱ्यात एका तरुण शेतकऱ्याकडे ही क्रिया पाहावयास मिळाली. आठ-दहा सेंटिमीटरचे शिंपले दोन दिवस दाटीने ठेवून त्यांचे स्नायू सैल केलेले. एकेक घेऊन त्याची कवचे जेमतेम सेंटिमीटरभर उघडायची, मध्ये पाचर द्यायची, पातळ पात्याने प्रावार कवचापासून अलगद सोडवायचा आणि त्या खिशात शिंपल्याच्याच भुकटीची घडविलेली गणपतीची चिमुकली मूर्ती सरकवायची, तोंड प्रावाराकडे. पाचर काढताच कवचे मिटतात. जखम भरण्यासाठी दहा दिवस औषधी पाण्यात, मग नायलॉनच्या जाळीत घालून मीटरभर खोलीवर टांगायचे, ते बारा ते अठरा महिने. मूर्तीवर थर चढतो आणि मोत्याचा गणपती निघतो. चिनी लोक तेराव्या शतकापासून बुद्धमूर्तींचे असेच करीत आले. त्या तरुणाच्या बोटांत सफाई होती, तरी पहिल्या खेपेचे बरेच शिंपले मेले, हे त्याने आपण होऊन सांगितले.

मला शंका शिंपल्याविषयी नाही, तळ्याविषयी आहे. हा प्राणी पाण्यातील सूक्ष्म शेवाळावर जगतो. प्लास्टिक अंथरलेल्या नितळ तळ्यात त्याला खावयास काय? मे महिन्यात जळगाव-धुळ्याचा पारा चव्वेचाळीसच्या पुढे जातो आणि नेमके तेव्हाच कपाशी-केळीसाठी तळे उपसले जाते. मीटरभर खोली उरणार कोठे? शिवाय बीज येते ते नदीतून वेचलेले. गोड्या पाण्यातील शिंपल्याची अळी जन्मतःच माशाच्या कल्ल्यांना चिकटून काही आठवडे काढते, तेव्हाच जगते. ज्या नदीत वाळूउपशाने डोह गेले आणि सांडपाण्याने मासे गेले, तेथे शिंपला पुन्हा भरून येत नाही. मूर्तीचे मोती विकत घेणारी पेठही लहान आहे, आणि चिनी मालाच्या भावाशी तिची रोजची गाठ आहे.

म्हणून ज्या शेतकरी बंधूंकडे कोणी हमीभावाने मोती परत घेण्याचा करारनामा घेऊन येईल, त्यांनी सही करण्यापूर्वी तीन गोष्टी लेखी मागाव्यात: शिंपले कोणत्या पाण्यातून आणले, मेले तर तोटा कोणाचा, आणि परत घेताना मोत्याची प्रत कोण ठरविणार. शस्त्रक्रिया स्वतः शिकण्याची गरज नाही, असे जो सांगेल त्याला एक रुपयाही देऊ नये. ते शिक्षण भुवनेश्वरच्या त्या सरकारी संस्थेत मिळते. आधी तेथे जावे, मग तळ्याचा विचार करावा.